पश्चिमेची खिडकी

"इथं खिडकी नव्हती," डबीर साहेब म्हणाले आणि पुठ्ठ्याच्या भिंतीतल्या चौकोनी भोकावर त्यांनी बोट ठेवलं. भोक बुजलं.

"होती," मी म्हटलं.

"काळमेघ बाई, आसरखेडला मी नऊ वर्षं स्टेशनमास्तर होतो."

मी त्यांचं बोट उचललं जाण्याची वाट पाहत उभी राहिले.

माझी कामाची रीत अशी, की महागड्या प्लायवूडला हात लावायच्या आधी सगळं काम एकदा साध्या पुठ्ठ्यावर लेझरनं कापायचं, कागदी टेपनं उभं करायचं आणि गिऱ्हाइकाला बोलवायचं. गिऱ्हाईक येतं, नवरदेवाचं नाव मोठं करा म्हणतं, गणपतीच्या मखराला अजून दोन मोर लावा म्हणतं, आणि जातं. डबीर साहेबांनी सांगितलेलं काम मात्र मोरांचं नव्हतं. नॅरो गेजच्या छोट्या लाईनवरचं आसरखेडचं जुनं दगडी स्टेशन त्यांना लाकडात हवं होतं. त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाला ते हॉलमध्ये मांडायचं होतं, आणि नंतर त्यांच्या दिवाणखान्यात कायमचं ठेवायचं होतं. खरं स्टेशन पाडून बरीच वर्षं झाली होती. छोटी लाईन गेली आणि तिच्यामागून स्टेशनही गेलं.

बाकी सगळं त्यांना पसंत पडलं. पत्र्याच्या कडेची लाकडी झालर पाहून तर ते खाली वाकले, चष्मा काढून पुन्हा लावला आणि म्हणाले, अगदी अशीच होती हो, फोटोत तर हे दिसतसुद्धा नाही, तुम्हाला कसं कळलं. मी म्हटलं, अंदाजानं. त्यांनी दिलेले फोटो दोन. दोन्ही समोरून काढलेले. एकात पश्चिमेची भिंत थोडी तिरपी दिसत होती, गिलावा केलेली, सपाट.

"भिंत कोरी ठेवा," जाताना ते म्हणाले. "माझं काम आहे, माझ्या आठवणीप्रमाणे व्हायला हवं."

अमरावतीत लेझरची दुकानं काही शंभर नाहीत. त्यामुळे हा माणूस माझ्याच दुकानात आला यात दैव वगैरे शोधायला नको. सासरच्या आडनावामुळे त्यांनी मला ओळखलं नाही असं मी धरून चालले. पण पाटीवर काळमेघ असलं तरी मी होते तुळशीराम गावंडेची पोर. आसरखेडच्या पॉइंट्समनची. माझा जन्म त्या स्टेशनामागच्या क्वार्टरमधला, आणि त्या क्वार्टरमधून आम्हाला ट्रंक-भांड्यांसकट बाहेर काढलं गेलं ते याच डबीर साहेबांच्या एका जबानीमुळे, असं आमच्या घरात आई मरेपर्यंत रोज म्हटलं जायचं.

डबीर साहेब दुकानात शिरले की बाबा मागच्या खोलीत जायचे. ऐंशी ओलांडलेला माणूस, आई गेल्यापासून माझ्याकडेच राहणारा, लेझरनं जळून काळ्या झालेल्या कडा पॉलिश पेपरनं घासून द्यायचं काम त्यांनी आपणहून घेतलं होतं. घासता घासता तो माणूस पडद्यामागं जायचा आणि घासण्याचा आवाजही बंद करायचा. जणू चोर तेच.

मी पडदा सरकवला आणि सांगितलं, खिडकी नव्हती म्हणतो तुमचा साहेब.

बाबा म्हणाले, "साहेब म्हणते तं नसन."

राग आला की माझी भाषाही आसरखेडला जाऊन पोचते. मी म्हटलं, "नसन? तुम्ही उभ्या जिंदगीत त्या खिडकीकडं पाहूनच तं हात वर करत होते."

त्यांनी भिंतीचा तुकडा उलटा केला आणि दुसरी कड घासायला घेतली.

हे हात वर करणं काय होतं ते सांगायला हवं. स्टेशनाच्या पश्चिमेला, बरंच लांब, सांधा होता. तिथून एक रूळ मेन लाईनला जायचा, एक बाजूच्या लूप लाईनला. गाडी यायच्या आधी बाबांनी सांधा लावायचा, त्याला कुलूप घालायचं, किल्ली घेऊन तापलेल्या खडीवरून चालत यायचं आणि ती मास्तरांच्या हातात द्यायची. मास्तरांनी ती टेबलाजवळच्या खिळ्याला अडकवायची आणि मग सिग्नल पाडून गाडीला वाट मोकळी करायची. हा झाला नियम. आता वऱ्हाडातल्या मे महिन्यात दर गाडीला तेवढी चाल कोण करणार? म्हणून त्यांची त्यांची रीत पडली होती. बाबा सांध्यापाशीच उभे राहून किल्लीचा हात वर करायचे. मास्तर आपल्या खोलीच्या पश्चिमेच्या खिडकीतून पाहायचे, मान हलवायचे आणि सिग्नल पडायचा. सगळ्या छोट्या लाईनला हे माहीत होतं. कुणी लिहून मात्र ठेवलं नव्हतं.

एका दुपारी सांधा लूपवर लागलेला होता आणि लूपवर मालडबे उभे होते. तरी सिग्नल पडला. इंजिन जाऊन डब्यांवर धडकलं आणि शेतात आडवं झालं. छोटी लाईन ती, तिचा वेग तो काय, कुणी मेलं नाही. पण फायरमननं उडी मारली आणि त्याचा पाय कायमचा गेला. चौकशी बसली. डबीर साहेबांनी जबानी दिली, की तुळशीरामनं सांधा लागल्याचं तोंडी येऊन सांगितलं, मी त्याच्या शब्दावर सिग्नल पाडला. बाबांनी त्याला हो म्हटलं. साहेबांना समज मिळाली, बाबांची नोकरी गेली.

आणि ते कपाट. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी, चौकशीवाले येण्याआधी, पश्चिमेच्या खिडकीपुढं एक लोखंडी कपाट आलं. खिडकीच झाकली, मग तिच्यातून कोण काय पाहणार, हात वर करायची रीत होती असं कोण म्हणणार? पुढं ती खिडकी विटांनी बुजवून टाकली. आईनं ते कपाट सरकवताना आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. एका बाजूनं डबीर साहेबांनी धरलं होतं, दुसऱ्या बाजूनं बाबांनी.

"साहेबानं धरलं ते समजते," आई भाकरी थापताना म्हणायची. "पण दुसऱ्या बाजूनं तुह्या बापानं कायले धरलं?"

हे तिनं बाबांना अनेकदा विचारलं. पुढं त्यांना विचारणं सोडून ती कपाटालाच शिव्या द्यायला लागली. जिनिंगमध्ये सरकी वेचताना, पापड लाटताना, शेवटी दवाखान्याच्या खाटेवर. बाबा जिनिंगच्या फाटकावर चौकीदार झाले. मी सातवीनंतर शाळा सोडून एका पेंटरकडे पाट्यांची अक्षरं रंगवायला लागले. अक्षरांवरून कोरीवकाम आलं, कोरीवकामावरून व्हिडिओ बघत बघत लेझर. लोक कौतुकानं म्हणतात, ताई, तुम्ही सगळं स्वतःच शिकलात. शिकवायला कुणी नसलं की माणूस स्वतःच शिकतं, त्यात कौतुक कसलं.

तर मी प्लायवूडवर पश्चिमेच्या दोन भिंती कापल्या. एक कोरी, एक खिडकीची. लेझरची रेघ चौकोनभर फिरते, धुराचा एक बारीक धागा वर येतो आणि खिडकीएवढा तुकडा जाळीवर पडतो. तो मी उचलून टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकला. आणि मॉडेलला खिडकीची भिंत लावली. अजून फेविकॉल लावलं नव्हतं, नुसतं खाचेत दात बसवून उभं केलं होतं. मनाशी ठरलं होतं, की सोहळ्याच्या दिवशी हीच भिंत जाईल. चारचौघांत साहेब विचारतील, ही खिडकी कुठून आली? मग मी सांगेन कुठून आली ते.

त्याआधी वृषाली आली.

डबीर साहेबांची मुलगी. नागपूरला कॉलेजात गणित शिकवते, मॉडेलची कल्पना मूळची तिचीच. वडिलांना न सांगता काम कुठवर आलं ते बघायला आली होती. हातात संत्रा बर्फीचा डबा, खांद्याला भलीमोठी पर्स, आणि आल्या आल्या स्टूल ओढून अशी बसली की जणू आमचं जन्मापासूनचं येणंजाणं. मला तिचा राग करायचा होता. त्या दिवशी तरी तो जमेना.

तिनं मॉडेलभोवती स्टूल फिरवलं. तिकिटाची खिडकी पाहिली, घंटा पाहिली, आणि पश्चिमेला येऊन थांबली.

"अगं बाई," ती म्हणाली. "माझी खिडकी."

मी मशीन बंद केलं.

मग ती बोलतच सुटली. तेव्हा ती सहा-एक वर्षांची होती. आईला बरं नसायचं म्हणून पप्पा तिला खोलीतच बसवून ठेवायचे. ती टेबलावर चढायची आणि टेबलावरून खिडकीत. पाय बाहेर सोडून बसायची. पप्पा म्हणे इथं सांगून गेलेत की खिडकी नव्हतीच, वय झालं त्यांचं, मी किती भांडले.

"आणि ते तिकडं लांब एक काका असायचे," ती म्हणाली. "लाल मुंडासं. मी हात केला की तेही मला हात करायचे. रोज, ताई. कधी चुकले नाहीत. मला वाटायचं त्यांना नोकरीच ती आहे, मला हात करायची." ती हसली. "नाव विचारलं तर पप्पा म्हणतात आठवत नाही. कुठं असतील हो आता? असतील का तरी?"

पडदा हलला. बाबा बाहेर आले. हातात पाण्याचा तांब्या आणि पेला. गिऱ्हाइकाला पाणी द्यायला ते कधी बाहेर येत नसत. त्यांनी तिच्यापुढं पेला धरला आणि ती पाणी पिईपर्यंत तिच्याकडं पाहत उभे राहिले. माझ्याकडं तरी ते असे कधी पाहत होते का, असा एक फालतू विचार माझ्या मनात येऊन गेला.

"बरं चाललं ना बाई तुमचं?" त्यांनी विचारलं.

वृषालीला ते कोण, काही कळलं नाही. तिनं हसून हो म्हटलं, आजोबा तुम्हीपण करता का हे काम, असं विचारलं आणि त्यांनी घासलेल्या कडांवरून बोट फिरवून किती मऊ म्हणाली. जाताना मला बजावून गेली, की खिडकी ठेवायचीच, सोहळ्यात मी सगळ्यांना त्या काकांची गोष्ट सांगणार आहे.

ती गेली आणि मग माझ्या ध्यानात आलं. चौकशीत जे कुणी विचारलं नाही ते साहेबांची स्वतःची मुलगी माइकवर सांगणार होती. खिडकी होती, तिच्यातून सांधा दिसत होता, हात वर केलेला दिसत होता. मला फक्त उठून एक नाव सांगायचं होतं.

"ते भिंत बदल," बाबा म्हणाले.

मी वळले.

"कोरी लाव, हेमे. साहेबानं सांगतलं तशी."

त्यानंतर मी जे बोलले ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. बापाला बोलू नये असं बरंच त्यात होतं. साहेबाचे पाय किती दिवस चाटणार, असंही होतं. आईचा प्रश्नही मीच पुन्हा विचारला, तिच्याच शब्दांत. कायले धरलं ते कपाट?

बाबा खाली बसले. स्टुलावर नाही, जमिनीवर, भिंतीला पाठ लावून. पॉलिश पेपरची घडी घालत राहिले.

"कपाट लावाची गोष्ट साहेबाची नव्हती," ते म्हणाले. "माही होती."

मग त्यांनी सांगितलं. त्या दिवशी सांधा लूपवरून मेनवर घ्यायचा राहिला होता. गाडीला अजून अवकाश आहे असं समजून ते सांध्याला तेल घालत होते. खिडकीत पोर बसलेली. तिनं हात केला. यांनी तेल घालता घालता, रिकामाच, हात केला. रोजच्यासारखा. आत साहेब पुढच्या स्टेशनशी फोनवर बोलत होते. फोन कानाला, मान खाली. खुर्चीतून न उठता त्यांनी पोरीला विचारलं, बेटा, काकांनी हात केला का गं?

पोर म्हणाली, केला.

साहेबांनी सिग्नल पाडला.

बाबांनी सिग्नल पडताना पाहिला तेव्हा गाडी समोर दिसत होती, सांधा फिरवायला वेळ उरला नव्हता. ते ओरडत पळाले, मुंडासं सोडून हलवलं, पण तेव्हा खिडकीतूनही कुणी पाहत नव्हतं आणि इंजिनातूनही. संध्याकाळी साहेब प्लॅटफॉर्मवर डोकं धरून बसले होते, आतलं हे सगळं त्यांनीच सांगितलं. चौकशीवाले विचारतील, हात कुणी पाहिला? मग त्या पोरीला पुढं उभं करतील. तेव्हा बाबा म्हणाले, साहेब, खिडकीपुढं कपाट लावू.

"पण चूक पोरीची होतीच कुठं?" मी म्हटलं. "चूक मास्तरची होती. खुर्चीतून उठाचा कंटाळा त्याचा."

"मले समजते. तुले समजते. सहा वर्साच्या पोरीले समजलं असतं? तिनं 'केला' म्हटलं अन् इंजिन पडलं, फायरमनचा पाय गेला. तिच्या ध्यानात तेवढंच राह्यलं असतं. जिंदगीभर."

"अन् मी?" मी विचारलं. "मी नऊ वर्साची होती. माह्या ध्यानात काय राह्यलं? ते शिकली, प्रोफेसर झाली. मी पेंटरकडं ब्रश धुतले. आई कपाटाले शिव्या देत मेली. तिले तरी सांगाचं. दुसऱ्याच्या पोरीचा इचार आला, आमचा नाही आला?"

"आला."

"मंग?"

बाबांनी पेपरची घडी उलगडली.

"तुमच्यापाशी मी होतो ना," ते म्हणाले.

मी टेबलावरची कोरी भिंत उचलली आणि गुडघ्यावर मोडली. तीन एमएमचं प्लायवूड मोडायला वेळ लागत नाही.

दोन दिवसांनी डबीर साहेब शेवटचं पाहायला आले. बाबा पडद्यामागं. मॉडेल आता फेविकॉल लावून पक्कं झालं होतं, पश्चिमेला खिडकी उघडी, आणि पटरीच्या टोकाला सांध्यापाशी मी एक माणूस कापून उभा केला होता. करंगळीच्या पेराएवढा. उजवा हात वर. हातात किल्ली नाही.

ते त्या माणसावर वाकले. मला वाटलं, आता आवाज चढवतील. मी तयार होते.

"तुळशीराम कसा आहे?" त्यांनी विचारलं.

मी पडद्याकडं पाहिलं.

"ती झालर," ते म्हणाले. "आणि खिडकी. फोटोत नसलेल्या या दोन गोष्टी माहीत असणारी माणसं उरली किती? पुठ्ठा पाहिला त्याच दिवशी मला कळलं तुम्ही कोण ते."

"आणि तरी खिडकी नव्हती म्हणालात."

"वृषाली माझ्याकडेच राहायला येत असते सुट्टीत. ते रोज तिच्या समोर राहिलं असतं. ती हुशार आहे. एक ना एक दिवस तिनं हिशोब जुळवला असता."

"साहेब," मी म्हटलं, "चूक तिची नव्हती. तुमची होती."

"हो."

इतकं सोपं. एका अक्षरात. हे अक्षर माझ्या आईच्या हयातीत का निघालं नाही, असं मी विचारलं. त्यांचं ते निगा राखलेलं बोट पत्र्याच्या झालरीवरून मागं-पुढं फिरत राहिलं. मला त्यांचं वाईट वाटलं नाही. वाटायला हवं होतं, कदाचित.

मी त्यांना सांगितलं, की खिडकी राहील. तिला ती हवी आहे आणि तिला त्यातलं फक्त चांगलं आठवतंय. आणि सोहळ्याला बाबा येतील. मागच्या रांगेत नाही, पुढं बसतील.

"वृषालीला..."

"नाही सांगणार. पण ते तुमच्यासाठी नाही. माझ्या बापानं त्याच्यापायी आमचं घर घालवलंय, ते फुकट जाऊ नये म्हणून."

पडद्यामागं घासण्याचा आवाज सुरू झाला. साहेबांनी त्या दिशेला पाहिलं. एक पाऊल टाकलं, आणि मग दाराकडं वळून निघून गेले.

सोहळ्याच्या दिवशी हॉल भरलेला होता. चौरंगावर डबीर साहेब, भोवती सुवासिनी, ताटांत दिव्यांच्या ओळी. औक्षणाच्या उजेडात तो माणूस देवासारखा दिसत होता, आणि मला दात-ओठ खावेसे वाटत होते. बाबा पुढच्या रांगेत, धुतलेलं धोतर, पांढरी टोपी, हात मांडीखाली दाबून बसलेले. हातांचं त्यांचं हे नेहमीचंच. माझ्या लग्नात वऱ्हाडाची बस सुटली तेव्हा सगळा मांडव हात हलवत होता. बाबा दोन्ही हात पाठीमागं धरून उभे होते. बसच्या खिडकीतून मी कितीतरी वेळ हात केला. आई पुढं म्हणायची, त्याचे हात पाठीलाच चिकटले, पोरी. का चिकटले होते ते आता मला कळलं होतं. कळून राग कमी होतो असं जे म्हणतात, ते त्यांचं त्यांना लखलाभ.

वृषालीनं माइक घेतला. मॉडेलजवळ उभी राहून तिनं खिडकीची गोष्ट सांगितली, पप्पांची आठवण मी खोटी पाडली म्हणून लोकांना हसवलं. मग ती वाकली, आणि तिला पटरीच्या टोकाचा तो लाकडी माणूस दिसला.

"हे तर तेच काका," ती माइक विसरून म्हणाली. तिनं माझ्याकडं पाहिलं. "ताई, तुम्हाला कसं माहीत?"

सगळ्या हॉलनं माझ्याकडं पाहिलं. साहेबांनीही. दिव्यांची ताटं अजून त्यांच्यापुढंच होती. माझ्या तोंडाशी आलेलं वाक्य एकच होतं, या माणसाच्या जबानीनं आमचं घर गेलं. ते वाक्य मी चाळीसएक वर्षं चघळून गुळगुळीत केलं होतं.

"ते इथं आलेत," मी म्हटलं. "तुळशीराम गावंडे. आसरखेडचे पॉइंट्समन. माझे वडील."

वृषाली बाबांकडं आली. वाकून पाया पडली. आजोबा, तुम्हीच मला पाणी दिलंत आणि सांगितलं नाही, असं म्हणाली. बाबा नुसते मान हलवत राहिले. मग ती त्या वयाच्या बाईला शोभणार नाही अशा लगबगीनं मागं गेली, पार मॉडेलपर्यंत, वळली आणि तिनं हात वर केला. हसत, सहा वर्षांच्या पोरीसारखा.

हॉलमधल्या लोकांना तो गमतीचा भाग वाटला. कुणी टाळ्याही वाजवल्या.

बाबांचे हात मांडीखाली होते. उजवा हात निघायला फार वेळ लागला. खांद्यापर्यंत आला, थांबला, तिथून त्यांनी एकदा चौरंगाकडं पाहिलं. डबीर साहेबांनी मान हलवली. जुनी, खिडकीतली मान. मग हात वर गेला.

मी बाहेर चपलांपाशी जाऊन उभी राहिले.

घरी कुलूप उघडताना ते म्हणाले, "राग आहे काय अजून?"

"आहे."

"राहू दे," ते म्हणाले, आणि टोपी काढून आत गेले.

दुसऱ्या दिवशी ते दमले होते, दुकानात येणार नव्हते. मी निघाले तेव्हा फाटकात येऊन उभे राहिले, हात पाठीमागं. मी गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेले आणि वळून पाहिलं. तसेच उभे होते. त्या बाईला हात केला, आणि घरच्या पोरीला हा असा. माझं टाळकं सरकलं. मी भर रस्त्यात हात वर केला आणि तसाच ठेवला.

एक रिक्षा येऊन थांबली. रिक्षावाल्यानं विचारलं, "कुठं जायचं, मावशी?"

"कुठंच नाही," मी म्हटलं, आणि हात खाली घेतला नाही.